ओटीवरच्या गोष्टी : पंचांग आणि दर्या

ज्या लेखणीनें आम्ही या पानावर दर महिन्यास घरांतल्या माणसांच्या, पाहुण्यारावळ्यांच्या आणि सणावारांच्या गोष्टी लिहितों, तीच लेखणी आज खाऱ्या पाण्यांत बुडवून लिहावयास बसलों आहों. आमचें वय आणि आमचें शरीर ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें वाचून हंसूं येईल. परंतु गोष्ट घडली ती अशी कीं, ती सांगितल्यावांचून आम्हांस चैन पडणार नाहीं. तींत आमची थोडी फजिती आहे. पण फजितीची गोष्ट ज्याची त्यानेंच सांगितलेली बरी. नाहीं तर घरचीं मुलें ती तिखटमीठ लावून सांगतात.

आमचे बालमित्र मास्तर हे आमच्या बहुतेक वाचकांस या पानावरूनच परिचित आहेत. पस्तीस वर्षें त्यांनीं मुलांना शास्त्रविषय शिकविला, आणि निवृत्त झाल्यापासून ते जग पाहावयास निघाले आहेत. चार वर्षांपूर्वीं त्यांची पत्नी वारली. तेव्हांपासून त्यांचें निघणें थोडें वाढलें आहे इतकेंच. गेल्या मार्गशीर्षांत ते एके दिवशीं सकाळींच आमच्या ओटीवर येऊन बसले व म्हणाले, “मालवणास जाऊं. देवबागेस कयाक मिळते. तींत बसून डॉल्फिन पाहूं.”

ही वार्ता माजघरांत पोंचावयास वेळ लागला नाहीं. मातोश्रींनीं चौऱ्यायशीं वर्षांच्या अनुभवानें सांगितलें कीं, पाण्याशीं पैज मारूं नये. दादांनीं वर्तमानपत्राच्या मागूनच विचारलें, “होडी उलटली तर?” वहिनींनीं मात्र काहीं न बोलतां शिदोरीला दशम्या कराव्या कीं पुऱ्या, एवढेंच विचारलें, आणि एकत्र कुटुंबांत वहिनींनीं शिदोरीची गोष्ट काढली म्हणजे प्रवासास संमति मिळाली असें समजावयाचें असतें. आमची सात वर्षांची नात तर आमच्याबरोबर यावयासच निघाली. शेवटीं सूनबाई व नात यांनीं किनाऱ्यावर थांबावें आणि आम्हां दोघां वृद्धांनीं पाण्यांत जावें, असें ठरलें.

आतां ही कयाक म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशांत इनुइट नांवाचे लोक राहतात. तिकडे झाड म्हणून उगवत नाहीं. समुद्रानें वाहून आणलेलीं लांकडें किंवा देवमाशाचीं हाडें यांचा सांगाडा करून त्यावर ते सीलचें कातडें ताणून बसवीत, आणि अशा हलक्या, अरुंद नावेंतून एकेकटा पुरुष शिकारीस जाई. हीच मूळची कयाक. तिचें वल्हें मोठें मौजेचें असतें. आपल्या होडीच्या वल्ह्याला एकाच टोकास पातें. हिच्या वल्ह्याला दोन्ही टोकांस. तें मध्यें धरून एकदां डावीकडे व एकदां उजवीकडे असें पाण्यांत घालावयाचें. बसणारा पाण्याच्या पातळीशींच बसतो. इंजिन नाहीं, शीड नाहीं, आवाज नाहीं. शिकारी जसा चाहूल न देतां सीलजवळ जाई, तसेंच आज पशुपक्ष्यांचें दर्शन घेणारास जातां येतें, म्हणून या नावेची आवड आतां जगभर पसरली आहे. आजच्या कयाकी कातड्याच्या नसून प्लॅस्टिकच्या असतात, एवढाच फरक.

मास्तरांनीं आगगाडींत आम्हांस ऑस्कर स्पेक नांवाच्या जर्मन गृहस्थाची हकीकत सांगितली. हा मनुष्य १९३२ सालीं उद्योगधंद्याच्या शोधांत, घडी होणाऱ्या एका कयाकींत बसून जर्मनींतील उल्म शहराहून डॅन्यूब नदीनें निघाला, तो वल्हवीत वल्हवीत, आपल्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यानेंहि जाऊन, सात वर्षांनीं म्हणजे १९३९ च्या सप्टेंबरांत ऑस्ट्रेलियाच्या हद्दींत पोंचला. तोंवर महायुद्ध सुरू झालें होतें. त्यामुळें त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटकेंत ठेवण्यांत आलें. “सात वर्षें समुद्रानें ज्याला अडवलें नाहीं, त्याला माणसांनीं अडवलें,” असें मास्तर म्हणाले. आमच्या मनांत मात्र एवढेंच आलें कीं, हा मनुष्य सात वर्षें वल्हवूं शकतो, तर आम्हांस तीन तास वल्हवितां येण्यास हरकत नाहीं. गर्वाचें बीज असें आगगाडींतच पडलें.

देवबाग हें गांव ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांनीं आपल्या हाताची करंगळी डोळ्यांपुढें धरावी. तारकर्लीच्या दक्षिणेस वाळूची अशीच एक अरुंद पट्टी समुद्रांत उतरत गेली आहे. तिच्या पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस कर्ली नदीची खाडी, आणि मध्यें माडांच्या सावलींत घरें. पट्टीच्या टोकाशीं नदी समुद्रास मिळते. पलीकडच्या तीरावर भोगवें. या मुखांतून खाडीचें सगळें पाणी भरतीस आंत येतें व ओहोटीस बाहेर जातें. आणि आमच्या गोष्टीचें सगळें मर्म या एका वाक्यांत आहे.

आमच्या तीर्थरूपांचें बालपण अलिबागकडे गेलेलें. त्यांनीं लहानपणीं आम्हांस एक आडाखा शिकविला होता: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पुरी होण्याची घटका कळते. अष्टमीस सहा वाजतां, पौर्णिमेस सव्वाअकरांच्या सुमारास. आणि दुसरी भरती त्यानंतर सुमारें साडेबारा तासांनीं. चंद्र रोज जवळ जवळ पन्नास मिनिटें उशिरा येतो, त्यामुळें भरतीहि रोज तितकीच मागें पडते. म्हणून हें गणित जमतें. आम्ही गेलों त्या दिवशीं शुद्ध त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे पावणेदहापर्यंत पाणी आंत येणार. आम्हीं वडिलांचें स्मरण करून मोठ्या ऐटींत जाहीर केलें कीं, सातला निघावें, डॉल्फिन पाहावे, आणि पावणेदहाच्या आंत भरतीच्याच पाण्यावर आरामांत खाडींत परत यावें.

आमच्याबरोबर वाट दाखवावयास गांवांतला एक तरुण नावाडी होता. त्याची कयाक निराळी, आम्हां दोघांची एक. त्यानें आमचें गणित ऐकून घेतलें व नम्रपणें म्हटलें, “काकानू, हयसर साडेआठाकच पाणी फिरतला. त्याच्या आदी खाडीत येवक व्हया.” आम्हीं त्याला तिथीचा आडाखा पुन्हा एकदां समजावून सांगितला. तो ‘बरां’ म्हणाला. वडील माणसाशीं वाद घालूं नये, असें त्याला त्याच्या घरीं शिकविलें असावें. आणि लहानाचेंहि ऐकावें, हें आम्हांस आमच्या घरीं शिकविलेलें असूनहि त्या वेळीं आठवलें नाहीं.

पाण्यावर तरंगणाऱ्या जाकिटांचे पट्टे आंवळून आम्ही निघालों. पहिला अर्धा तास आमच्या दोघांच्या वल्ह्यांची टक्कर होण्यांत गेला. मागें मास्तर, पुढें आम्ही. ते डावें म्हणत तेव्हां आमचें उजवें. मग ताल जमला, आणि ताल जमल्यावर जी शांतता आली तिचें वर्णन करणें कठीण आहे. कांठच्या कांदळवनांतून पाणी चढत होतें. चिप्पीचीं टोंकदार श्वासमुळें चिखलांतून वर आलेलीं दिसत होतीं. खाऱ्या चिखलांत हवा मिळत नाहीं म्हणून हें झाड आपलीं मुळें वर काढून श्वास घेतें. याच पांढऱ्या चिप्पीस महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. मुळांच्या त्या जाळ्यांत माशांचीं व कोळंबीचीं पिलें वाढतात. ज्यांच्या घरीं मासळी शिजत नाहीं अशा आमच्यासारख्यांसहि हें कळलें पाहिजे. कारण किनाऱ्यावरच्या हजारो चुली या झाडांवर पेटतात, त्या फांद्या तोडून नव्हेत, तर फांद्या राखून.

एका खुंटावर खंड्या बसला होता. पाण्याशीं बसल्यामुळें आम्ही त्याला खालून पाहत होतों, आणि त्याचें निळें पाठपंख सूर्याकडे वळलें तेव्हां मास्तरांचें वल्हें हवेंतच राहिलें. वाळूच्या एका बेटावर कुरवांचा मोठा थवा विसावला होता. हे पाहुणे लडाख, तिबेट व मध्य आशियाकडील सरोवरांवर अंडीं घालतात आणि थंडींत आपल्या किनाऱ्यावर येतात. त्यांच्याजवळच चिखल्या व तुतवार वाळूंत चोंची खुपसून धांवत होते. वरून तांबूस अंगाची व पांढऱ्या डोक्याची घार घिरट्या घालीत होती. तिला ब्राह्मणी घार म्हणतात. तिनें आमच्यादेखत पाण्यावर झेंप घालून एक मासा उचलला, तेव्हां मास्तर म्हणाले, “नांव तुमच्या घराण्यास शोभेसें आहे, आहार मात्र नाहीं.” आम्हीं उत्तर दिलें कीं, नांवावरून आचार ओळखूं नये हें मनुष्यांच्या बाबतींतहि खरेंच आहे.

सव्वाआठाच्या सुमारास आम्ही मुखाबाहेर आलों. समुद्र तेलासारखा सपाट होता. पहांटेपासून जमिनीकडून सुटलेला मतलई वारा नुकताच पडला होता. नावाड्यानें वल्हें आडवें धरलें व आम्हांस गप्प राहण्याची खूण केली. आणि मग तो आवाज ऐकूं आला. तो आवाज म्हणजे कोणीतरी वृद्ध मनुष्य पायऱ्या चढून येऊन ओटीवर टेकतांना सोडतो, तसा एक निःश्वास. आम्हीं वळून पाहिलें. वीसेक हातांवर एक करडी पाठ पाण्यांतून वर येऊन चाकासारखी फिरली व नाहींशी झाली. मग दुसरी. मग तिसरी.

हे कुबड असलेले डॉल्फिन. येथें त्यांना गादा म्हणतात. पाठीवरचा पर एका लांबट उंचवट्यावर बसविल्यासारखा दिसतो, त्यावरून हें नांव. लांबी आठ फुटांच्या आसपास. हा मासा नव्हे; हा आपल्यासारखाच फुप्फुसांनीं श्वास घेणारा, पिलाला दूध पाजणारा प्राणी आहे. आईच्या पोटांत पिलूं सुमारें वर्षभर असतें, आणि एका खेपेस एकच जन्मतें. निजला तरी श्वासाकरितां पाण्यावर यावें लागतें, म्हणून निसर्गानें त्याच्या मेंदूचा एक अर्धा भाग झोपतो व दुसरा जागा राहतो अशी सोय केली आहे. मास्तर म्हणाले, “तुमच्या मातोश्रींसारखें. डोळा लागला तरी माजघरांतलें सगळें ऐकूं येतें.” गढूळ पाण्यांत तो आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य हुडकतो. या जातीचे डॉल्फिन खोल समुद्रांत फारसे जात नाहींत. किनाऱ्यालगत, उथळ पाण्यांत, नद्यांच्या मुखांशीं राहतात. त्यामुळें माणसाचीं जाळीं, माणसाच्या मोटारबोटी, माणसाची घाण या सगळ्यांशीं त्यांचाच गांठ पडते. ही जात जगांतून नाहींशी होण्याच्या धोक्यांत असल्याचें शास्त्रज्ञांनीं नोंदविलें आहे, आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें तिला पहिल्या परिशिष्टांतील, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण दिलें आहे.

आम्ही निश्चल बसलों होतों, आणि ते आपले आपण जवळ येत होते. भरतीबरोबर आंत शिरूं पाहणाऱ्या बोय माशांस ते मुखाशीं घेरीत होते. पाऊण घटका तरी असा खेळ चालला. तेथेंच थांबून आम्ही परत फिरलों असतों, तर हा लेख येथेंच संपला असता.

परंतु तेवढ्यांत एक मोठी मादी वर आली आणि तिच्या कुशीशीं एक लहानगें पिलूं. आई श्वास घेई तेव्हांच तेंहि घेई. दोन निःश्वास, एक मोठा व एक इवलासा. मास्तर एकाएकीं उठल्यासारखे झाले. “वल्हवा! वल्हवा!” असें म्हणून त्यांनीं मोबाइल बाहेर काढला. एक चांगला फोटो हवा, असें ते म्हणाले. आम्हीं वल्हविलें. मादी दूर गेली. आम्ही आणखी वल्हविलें. ती बुडे व अधिक लांब वर निघे. नावाड्यानें मागून हांक मारली, “तेंच्या पाठी लागा नकात, काकानू. पिल्लू आसा बरोबर.” आम्हीं ऐकलें, परंतु थांबलों नाहीं. दुसऱ्यांदा हांक आली, “पाणी फिरला!” त्यावर आम्हीं घड्याळ पाहिलें. नऊ वाजून दहा मिनिटें. “अजून पस्तीस मिनिटें आहेत,” असें आम्हीं ओरडून सांगितलें. पंचांगाचा एवढा अभिमान आमच्या कुलोपाध्यायांनाहि नसेल.

किती वेळ गेला कळलें नाहीं. पिलूं दमल्यासारखें वरचेवर पाण्यावर येऊं लागलें. तेव्हां कोठें आम्हांस उमज पडली, आणि आम्ही म्हणालों, “मास्तर, पुरें. हें बरें नव्हे.” मास्तर चिडले. “तुम्ही नेहमीं ऐन वेळीं हात आंखडतां,” असें ते म्हणाले. आमचाहि तोल सुटला. पन्नास वर्षांच्या स्नेहांत जें बोललों नव्हतों तें आम्ही त्या दोन हात रुंदीच्या नावेंत बोललों. तें येथें छापण्यासारखें नाहीं. भांडण संपलें तेव्हां डॉल्फिन दिसेनासे झाले होते, आणि किनारा आम्ही समजत होतों त्यापेक्षां बराच दूर होता.

आम्ही वळलों व मुखाकडे वल्हवूं लागलों. दहा मिनिटें वल्हविलें. भोगव्याच्या कड्यावरचें एक झाड आम्हीं खुणेस धरलें होतें; तें जेथल्या तेथेंच. आणखी दहा मिनिटें. झाड आतां पुढें सरकून आम्हांस मागें टाकीत होतें. खाडीचें पाणी बाहेर निघालें होतें. मास्तरांनीं मागाहून घरीं कागदावर आंखून दाखविलें कीं, ओहोटीच्या सहा तासांत उतरणाऱ्या पाण्याचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासास एक भाग उतरतो, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास व चौथ्यास तीन तीन, आणि मग पुन्हा दोन व एक. आम्ही तिसऱ्या तासाच्या तोंडाशीं सांपडलों होतों. त्यांतून पौर्णिमा जवळ, म्हणजे उधाणाचे दिवस. भरींत भर म्हणून समुद्रावरून खारा वारा सुटला. पाणी बाहेर जाणारें, वारा आंत येणारा. दोघांची जेथें गांठ पडते तेथें लाटा उभ्या राहतात. मुखाशीं पांढरी रेघ दिसूं लागली. आमचे खांदे भरून आले. मास्तरांचा श्वास आम्हांस मागून ऐकूं येत होता, आणि तो ऐकून आम्हांस प्रथमच भीति वाटली. आपल्यासाठीं नव्हे, त्यांना वेळच्या वेळीं गोळ्या देणारें घरीं आतां कोणी नाहीं, हें तेव्हां आठवलें.

तो तरुण सरळ आमच्याजवळ आला. एका शब्दानेंहि त्यानें आम्हांस दोष दिला नाहीं. “पाण्याबरोबर भांडा नकात,” तो म्हणाला, “आडवे चला, आडवे! माझ्या मागसून येवा.” मुखाकडे पाठ न फिरवितां, परंतु मुखाकडे न जातां, तो उत्तरेस वळला. शेंदीडशें वल्हीं मारलीं असतील नसतील, तों पाण्याची ओढ एकदम सुटली. खाडीचें पाणी ज्या पट्ट्यांतून समुद्रांत घुसत होतें तो पट्टा अरुंद होता. आम्ही त्याच्या विरुद्ध झुंजत होतों, आणि त्याच्या बाहेर पडावयास थोडेंसें आडवें जाणें पुरे होतें! तेथून मागचा वाराच आम्हांस देवबागेच्या समुद्राकडील वाळूवर घेऊन चालला. शेवटच्या लाटेनें मात्र आपलें मोल वसूल केलें. नाव आडवी झाली व उलटली. आम्ही खारें पाणी प्यालों, चष्मा समुद्रास अर्पण केला, आणि कमरेइतक्या पाण्यांत उभे राहिलों. नावाड्यानें एका हातानें मास्तरांना व दुसऱ्या हातानें आमची कयाक धरली होती. त्यांची कयाक तो तशीच लाटेंत सोडून आला होता. ती मागाहून आपली आपण वाळूस लागली.

वाळूवर आम्ही दोघे बराच वेळ बोललों नाहीं. शेवटीं मास्तरच म्हणाले, “तिला पाहावयाचे होते हे डॉल्फिन. दर वर्षीं पुढल्या वर्षीं म्हणत राहिलों. एक फोटो काढून तिच्या फोटोशेजारीं लावावा असें मनांत होतें.” थोड्या वेळानें पुन्हा म्हणाले, “तें पिलूं दमलें होतें, नाहीं?” आम्ही ‘हो’ म्हणालों. यापेक्षां अधिक क्षमायाचना आमच्यांत झाली नाहीं, व ती लागलीहि नाहीं.

वाळूच्या पट्टीच्या या अंगास समुद्र व त्या अंगास खाडी, मध्यें नावाड्याचें घर. नावा खांद्यावर घेऊन माडांतून आम्ही त्याच्या अंगणांत आलों. त्याच्या आजीनें कोकमाचें सरबत दिलें, कोरडीं लुगडीं अंगावर घ्यावयास दिलीं, आणि सगळी हकीकत ऐकून घेतली. आम्हीं तिला तिथीच्या पाऊणपटीचा आडाखा सांगितला. ती हंसली व म्हणाली, “पंचांग तुमचा बरोबर आसा. पण दर्या हयचो आसा.”

नंतर आम्हीं याचा शोध केला. म्हातारीचें म्हणणें शास्त्रशुद्ध होतें. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते. त्यामुळें गोवा-मालवणाकडे पाणी मुंबई-अलिबागेपेक्षां सुमारें तासभर अगोदर फिरतें. वडिलांचा आडाखा खोटा नव्हता. तो त्यांच्या गांवचा होता. वाडवडिलांनीं दिलेलें ज्ञान आपण जपतों तें योग्यच आहे. परंतु तें कोणत्या मातींत रुजलें, हें विसरून तें दुसऱ्या मातीवर लादूं लागलों कीं ज्ञानाचें अज्ञान होतें. आमच्या वाचकांच्या घरांतहि असे आडाखे असतील. सासूबाईंनीं माहेराहून आणलेले असतील, आजोबांनीं नोकरीच्या गांवाहून आणलेले असतील. ते टाकून देऊं नयेत. मात्र जें घर, जें गांव, जी पिढी पुढ्यांत आहे, तिला एकदां विचारून घ्यावें.

आम्हीं नावाड्यास ठरल्यापेक्षां अधिक पैसे देऊं केले. त्यानें ठरले तेवढेच घेतले. “पुढच्या येळेक बसान रवा,” तो म्हणाला, “गादे आपसून येतत.” अलीकडे मोटारबोटी भरून पाहुणे येतात, चारी बाजूंनीं डॉल्फिनांस घेरतात, आणि त्यांना ना खातां येतें ना पिलास पाजतां येतें, असें तो सांगत होता. आम्ही मान खालीं घालून ऐकत होतों. आमच्या नावेस मोटार नव्हती एवढेंच. वृत्ति तीच होती.

ज्यांना जावयाचें असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. पहांटेचा मतलई वारा पडल्यावर व खारा वारा सुटण्यापूर्वींची वेळ साधावी. जाकीट घातल्यावांचून पाय नावेंत ठेवूं नये. ओहोटीची वेळ त्या गांवच्या माणसास विचारावी आणि त्यानें सांगितलेली मानावी. डॉल्फिन दिसतांच वल्हें आडवें ठेवावें; त्यांच्या मागें जाऊं नये, त्यांच्या पुढें आडवें येऊं नये, आणि पिलूं दिसल्यास आपणच मागें सरावें. वाळूवर थवा बसला असेल तर त्याला उडवूं नये. हजारो कोसांवरून आलेला पाहुणा आपल्या अंगणांत टेकला असतां त्याला उठवणें आपल्या घरांत कोणी शिकविलेलें नाहीं.

संध्याकाळीं सूनबाई व नात यांच्यापुढें आम्ही सगळें जसेंच्या तसें सांगितलें. सूनबाईंनीं एवढेंच म्हटलें, “आजींना सगळें सांगूं नका.” (त्या आतां हें वाचतील, आणि आमचें काय होईल तें होवो.) नातीनें मात्र विचार करून विचारलें, “आजोबा, ते तुम्हांला भेटायला आले होते, मग तुम्ही त्यांच्या मागें कां पळालांत?”

मास्तरांनीं तिला जवळ घेतलें. दुसऱ्या दिवशीं पहांटे ते एकटेच वाळूवर जाऊन बसले. आम्ही गेलों तेव्हां त्यांचा मोबाइल खोलीवरच राहिला होता. त्यांनीं हातानें आम्हांस बसावयाची खूण केली. बराच वेळ काहीं दिसलें नाहीं. मग दूर, उजेडाच्या पट्ट्यांत, दोन पाठी वर आल्या. एक मोठी, एक लहान. येथवर श्वास ऐकूं येणें शक्य नव्हतें. तरी आम्हां दोघांस तो ऐकूं आला, असें आम्ही अजूनहि म्हणतों.